मुक्कामाची सहल : आल्प्समधील स्कीचा आठवडा आणि मराठी पर्यटक

आल्प्स पर्वताशी मराठी पर्यटकांची ओळख आता जुनी झाली असली, तरी ती बहुतांशी मे आणि जून या दोन महिन्यांपुरतीच आहे, आणि त्यामुळे आल्प्सचा सर्वांत गजबजलेला हंगाम मराठी माणसाच्या नजरेआडच राहिला आहे. शाळांना उन्हाळी सुटी लागली की सहलसंस्थांचे गट मुंबई, पुणे, नागपूर येथून स्वित्झर्लंडकडे निघतात, युंगफ्राउयोख किंवा टिटलिस येथे रेल्वेने अथवा रज्जुमार्गाने वर जाऊन तास-दोन तास बर्फात वावरतात, छायाचित्रे काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहराकडे वळतात. स्कीचा हंगाम साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत असतो, म्हणजे हे गट पोहोचतात तेव्हा तो बहुतेक ठिकाणी संपलेला असतो. स्की म्हणजे कडक बुटांना खाली अडकवलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या, आणि त्यांवर उभे राहून बर्फाच्या उतारावरून तोल सांभाळत, वळणे घेत खाली येणे म्हणजे स्कीइंग. युरोपातील असंख्य कुटुंबे व मित्रमंडळे दरवर्षी हिवाळ्यातील एक आठवडा केवळ यासाठी राखून ठेवतात.

हा हंगाम मराठी प्रवाशाच्या हातून का निसटतो, हे वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याकडे पाहिले की स्पष्ट होते. येथे डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस कापूस वेचणीचे, तुरीच्या काढणीचे आणि हरभऱ्या-गव्हाला पाणी देण्याचे असतात. त्यांच्या पाठोपाठ दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. आणि कडक उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने लांबच्या प्रवासाचा विचार साहजिकच उन्हाळ्यात होतो. गटाने प्रवास करणे मात्र या तालुक्याला कोणी शिकवायला नको. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान असलेले, बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाणारे पोहरादेवी याच तालुक्यात आहे आणि रामनवमीच्या यात्रेला तेथे अनेक राज्यांतून लोक येतात. या समाजाने रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरचा व्यापार केला, आणि तांड्याचा नायक वाट, मुक्काम, पाणी आणि शिस्त या सगळ्यांची जबाबदारी वाहत असे. स्कीच्या सहलीत गटप्रमुखाचे काम या नायकाच्या कामाच्या बरेच जवळ जाते. फरक असा, की येथे वाटेपेक्षा मुक्कामाची निवड महत्त्वाची ठरते, कारण सबंध आठवडा एकाच गावी काढायचा असतो.

हा फरक वरवरचा नाही. महाराष्ट्रात केसरी टूर्सच्या १९८४ मधील स्थापनेनंतर आणि पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या वीणा वर्ल्डसारख्या संस्थांमुळे जी सामूहिक सहल रुजली, तिचा गाभा चालत्या बसमध्ये आहे: सर्वांनी एकाच वेळी उठायचे, एकत्र पाहायचे, एकत्र जेवायचे आणि शक्य तितकी स्थळे पदरात पाडून घ्यायची. स्कीचा गट सकाळी न्याहारीनंतर फुटतो, नवशिके शिक्षकाकडे जातात, सरावलेले वरच्या उतारांकडे निघतात, न खेळणारे गावात किंवा रेल्वेने फिरतात आणि सगळे दुपारच्या जेवणाला अथवा थेट संध्याकाळी भेटतात. पाहण्याच्या यादीपेक्षा शिकण्याला येथे मोल असल्यामुळे पाचव्या दिवशी दिसणारी प्रगती हीच या सहलीची कमाई असते.

गंमत अशी, की या दोन्ही प्रकारांचे मूळ एकाच देशात आहे. टॉमस कुक याने १८६३ मध्ये इंग्रज प्रवाशांचा पहिला मार्गदर्शित गट उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला नेला आणि आजच्या बससहलीचा नमुना घालून दिला. हिवाळी सहलीचे श्रेय मोठ्या प्रमाणावर हेन्री लन यांच्याकडे जाते, आणि त्यांचा भारताशी संबंध होता. मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून ते १८८७ मध्ये भारतात आले, प्रकृती बिघडल्याने पुढच्याच वर्षी परतले, आणि त्यांचा मुलगा अर्नोल्ड लन याचा जन्म १८८८ मध्ये मद्रासेत झाला. हेन्री लन यांनी १८९२ मध्ये ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याची चर्चा घडवण्यासाठी धर्मोपदेशकांना ग्रिंडेलवाल्ड येथे जमवले. त्या व्यवस्थेतून त्यांचा प्रवासव्यवसाय उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ते आदेलबोडेन या गावी हिवाळी गट नेऊ लागले. तोपर्यंत हिवाळ्यात कुलूप लागणारी आल्प्समधील हॉटेले अशा गटांमुळे उघडी राहू लागली.

अर्नोल्ड लन याने या खेळाला नियमांची चौकट दिली. स्वित्झर्लंडमधील मोंटाना येथे जानेवारी १९११ मध्ये झालेल्या उतारशर्यतीच्या करंडकाला कानपूरला जन्मलेले आणि १८८० मधील काबूल-कंदाहार कूचामुळे प्रसिद्धीस आलेले फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांचे नाव होते, आणि त्यामुळे कंदाहार हा शब्द स्कीच्या जगात कायमचा शिरला. जानेवारी १९२२ मध्ये म्युरेन येथे अर्नोल्डने आधुनिक स्लालम शर्यत घेतली; स्लालम म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून झपाट्याने वळणे घेत उतरण्याची स्पर्धा. १९२४ मध्ये त्याच गावी कंदाहार स्की क्लब निघाला, आणि १९३१ मध्ये उतारावरील स्कीइंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तेथेच भरली. मद्रासेत जन्मलेला माणूस आणि अफगाणिस्तानातील शहराचे नाव आल्प्सच्या खेळाच्या मुळाशी असावे, ही वसाहतकाळाची एक अनपेक्षित निष्पत्ती आहे, आणि मराठीतील स्वित्झर्लंडच्या प्रवासवर्णनांत तिचा उल्लेख सहसा आढळत नाही.

गटाने खर्च वाटून घेण्याची रीतही अशीच घडली. व्हिएन्नाची तरुणी एर्ना लोव हिने १९३२ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन १५ पौंडांत पंधरवड्याची ऑस्ट्रियाची स्की-सहल जुळवली, कारण तिला स्वतःला स्वस्तात घरी जायचे होते. पुढे त्यातून तिच्या नावाची संस्थाच उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळसा वाचवण्यासाठी शाळांना हिवाळ्यात सुटी दिली गेली आणि ती मुलांच्या स्की-शिबिरांच्या कामी आली. आज ती क्रीडासुटी म्हणून फेब्रुवारीच्या आसपास असते, आणि त्यामुळेच त्या आठवड्यांत खोल्या महाग आणि उतार गर्दीचे असतात. मराठी गटाने जानेवारीचा मध्य किंवा मार्चचा पूर्वार्ध निवडावा, हे यावरून उघड आहे.

आता प्रत्यक्ष प्रवास. मानोऱ्याहून निघालेल्या गटाला कारंजा येथे समृद्धी महामार्ग गाठता येतो. ७०१ किलोमीटरचा हा नागपूर-मुंबई मार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाल्यामुळे मुंबईचा विमानतळ पूर्वीपेक्षा बराच जवळ आला आहे. मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे, आणि झुरिच विमानतळाच्या खालीच रेल्वेस्थानक असल्याने तेथून बर्नमार्गे इंटरलाकेन आणि पुढे लाउटरब्रुनेन हा सर्व प्रवास सामानासह रेल्वेनेच होतो. लाउटरब्रुनेन हे सुमारे ८०० मीटर उंचीवरील, दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या खोऱ्यातील गाव असून त्याच्या माथ्यावरून जवळपास ३०० मीटर कोसळणारा श्टाउबबाख धबधबा हिवाळ्यात अंशतः गोठतो. येथून दातेरी रुळांची गाडी, म्हणजे मधल्या दात्यांत चाक अडकवून चढ चढणारी गाडी, १२७४ मीटर उंचीवरील वेंगन या गावी नेते.

पहिल्यांदा जाणाऱ्या मिश्र गटाला वेंगनइतके सोयीचे गाव क्वचितच मिळेल. या गावात मोटारींना प्रवेश नाही, नवशिक्यांचा उतार अगदी गावाला लागून आहे, आणि रेल्वे पुढे २०६१ मीटर उंचीवरील क्लाइने शाइडेक या खिंडीपर्यंत जाते, जेथे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरे समोर उभी असतात. उन्हाळ्यात मराठी गट ज्या गाडीने युंगफ्राउयोखकडे जातात, तीच गाडी हिवाळ्यात पट्ट्या खांद्यावर घेतलेल्या लोकांनी भरलेली असते. १९२५ मध्ये वेंगनला आलेल्या इंग्रजांनी ‘डाउनहिल ओन्ली’ नावाचा क्लब काढला, कारण रेल्वेने वर जायचे आणि केवळ उतरायचे, हा त्यांचा आग्रह होता; त्यापूर्वीच्या स्कीपटूंना चढही स्वतःच्या पायांनीच चढावा लागे. १९३० पासून येथे लाउबरहॉर्नची शर्यत होते आणि सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तिचा मार्ग जागतिक चषकातील सर्वांत लांब उतारमार्ग आहे.

पहिला दिवस साहित्य भाड्याने घेण्यात जातो आणि तो घाईने उरकू नये. बूट घट्ट प्लॅस्टिकचे असतात व घोट्याला पुढे झुकवून धरतात. नवशिक्याच्या पट्ट्या साधारण हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या असतात. आणि बूट व पट्टी यांना जोडणारा कडीबंध पडल्यावर आपोआप सुटावा म्हणून त्याचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवला जातो. दुकानदाराला वजन कमी सांगण्याचा मोह टाळावा, कारण ताण चुकला तर पट्टी नको तेव्हा सुटते किंवा हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा दुखावतो.

शिकवणी गटात असते. आरंभी सपाटीवर एकाच पायाला पट्टी बांधून चालणे, उताराला आडवे उभे राहून बाजूने पावले टाकत चढणे, पडणे आणि पडल्यावर उठणे शिकवतात. मग येतो तो थांबण्याचा पहिला धडा: पट्ट्यांची पुढची टोके जवळ, मागची दूर, आणि टाचांनी बाहेरच्या अंगाला दाब, जेणेकरून आतल्या कडा बर्फात रुतून वेग कमी होतो. याच स्थितीत एका पायावर अधिक भार दिला की शरीर विरुद्ध दिशेला वळते, म्हणजे डाव्या पायावर भार दिला तर वळण उजवीकडे जाते. भार आणि वळण यांचे हे उलटे नाते पायांना उमगायला वेळ लागतो. मन उताराकडे झुकायला कचरते आणि अंग मागे रेलते, पण मागे रेलले की पट्ट्यांच्या पुढच्या भागावरचा भार सुटून ताबा जातो. धीर धरून पुढे झुकणे हे या विद्येतील सर्वांत अवघड काम आहे. मुले ते एका सकाळीत आत्मसात करतात आणि चाळिशीपुढच्यांना त्यासाठी बहुधा आठवड्याचे बरेच दिवस लागतात, हे गटप्रमुखाने आधीच सांगून ठेवावे, म्हणजे घरातली मोठी माणसे रुसत नाहीत.

उतारांची प्रतवारी रंगांनी केलेली असते. निळा मार्ग सोपा असून त्याचा चढाव सर्वसाधारणपणे २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १४ अंशांच्या आसपास असतो, तांबडा ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ अंश, त्यापुढील काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे वर्तनाचे दहा नियम सर्वत्र लागू मानले जातात आणि त्यांतील एक नियम मराठी गटाने पाठच करावा असा आहे: खालच्या बाजूला असलेल्या माणसाला प्राधान्य, आणि टक्कर टाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. घोळक्याने मार्गाच्या मधोमध थांबून छायाचित्र काढणे हा येथे गंभीर दोष समजला जातो.

आखलेल्या मार्गांबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो. युरोपात तो एक ते पाच अशा पायऱ्यांनी मोजतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये डावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळाभर रोज इशारापत्र काढते. तीन या अंकाला मधला समजून निश्चिंत होणाऱ्यांची दिशाभूल होते, कारण त्या पायरीचे वर्णनच लक्षणीय धोका असे आहे. नवशिक्या गटाचा या प्रश्नाशी संबंध येऊच नये. आखलेला मार्ग सोडायचा नाही, हा एक नियम त्यांना पुरेसा आहे. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा फन नावाचा उष्ण, सोसाट्याचा वारा मात्र सर्वांनाच अडवतो, आणि तो सुटला की वरचे पाळणे व रज्जुमार्ग बंद ठेवावे लागतात.

आजी-आजोबांसह जाणाऱ्या गटात काहीजण स्कीला हात लावणार नाहीत, हे गृहीत धरावे. त्यांच्यासाठी बर्फ दाबून तयार केलेल्या पायवाटा, रेल्वेचा प्रवास आणि घसरगाडीचे मार्ग आहेत. ग्रिंडेलवाल्डच्या वर फाउलहॉर्न शिखरापासून उतरणारा सुमारे १५ किलोमीटरचा घसरगाडीमार्ग प्रसिद्ध आहे, पण त्याच्या माथ्यापर्यंत अडीच तासांच्या आसपास पायी चढावे लागते. युंगफ्राउयोखची रेल्वे १९१२ मध्ये पूर्ण झाली असून तिचे ३४५४ मीटर उंचीवरील स्थानक हिवाळ्यातही चालू असते. एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे डोके दुखू शकते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तेथे जाऊ नये.

जेवणाची अडचण वाटते तितकी नाही. शाकाहारी माणसाला किसलेल्या बटाट्यांची खरपूस रोश्टी, वितळवलेल्या चीजचा राकलेट आणि फोंड्यू सहज मिळतात, मात्र फोंड्यूमध्ये वाइन असते, तेव्हा आधी विचारून घ्यावे. आठवडाभर राहायचे असल्याने स्वयंपाकघरासह सदनिका भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे, आणि ती बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळते. मेतकूट, भाजणी, चटण्या, डाळी नेता येतात. पण युरोपीय संघाबाहेरील देशांतून दुधाचे पदार्थ व मांस स्वित्झर्लंडमध्ये आणण्यास मनाई असल्याने तूप आणि पेढे घरीच ठेवावे लागतात.

कपड्यांच्या बाबतीत कापूस पिकवणाऱ्या तालुक्याला एक कटू गोष्ट ऐकावी लागते: बर्फात सुती कपडा घातक ठरतो. घाम किंवा वितळलेला बर्फ शोषून तो ओलाच राहतो आणि अंगातील ऊब काढून घेतो. म्हणून अंगालगत लोकरीचा वा कृत्रिम धाग्याचा थर, मधे ऊबदार थर आणि वर पाणी व वारा अडवणारा थर, अशी तीन थरांची रचना करतात. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परावर्तित करतो, तेव्हा विदर्भाच्या उन्हाला सरावलेल्या माणसालाही गॉगल आणि त्वचेचे मलम अत्यावश्यक आहे. शिरस्त्राण सर्वांनीच घालावे.

स्वित्झर्लंडला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. येथे खरी मेख विम्याच्या अटींत असते, कारण अनेक प्रवासविम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च मोठा असतो. हिवाळी खेळांचा उल्लेख कागदावर वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. स्वित्झर्लंडमधील हवाई बचावसंस्था रेगा १४१४ या क्रमांकावर मिळते. राहणे, वर नेणाऱ्या पाळण्यांचा पास, साहित्याचे भाडे, शिकवणी आणि जेवण असे पाच स्वतंत्र खर्च असतात, आणि सहलीचा दर विचारताना त्यांतील कोणते धरले आहेत हे विचारले नाही, तर तुलना निरर्थक ठरते.

या हंगामाचे भवितव्यही निर्धोक नाही. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या एकूण आकारमानाच्या सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. जानेवारी २०२३ मध्ये आदेलबोडेन येथे, म्हणजे जेथे लन यांनी आपले आरंभीचे हिवाळी गट नेले तेथेच, जागतिक चषकाची शर्यत हिरव्या-तपकिरी कुरणांमधून जाणाऱ्या कृत्रिम बर्फाच्या पट्ट्यावर झाली. कृत्रिम बर्फ तयार करण्यासाठी पाण्याचे सूक्ष्म तुषार थंड हवेत फवारतात, पण त्यासाठीही तापमान शून्याच्या खाली असावे लागते. त्यामुळे कमी उंचीच्या गावांत बर्फाची खात्री उरलेली नाही, आणि वेंगनही त्याला पूर्णतः अपवाद नाही. तेथे खालचा उतार उघडा पडला, तर शिकवणी वर क्लाइने शाइडेकच्या बाजूला घेता येते, एवढाच दिलासा.

भारतात शिकण्याची सोय नाही अशी समजूत चुकीची आहे. काश्मीरमधील गुलमर्ग येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली होती. सुमारे २६५० मीटर उंचीवरील या गावातून अफरवट पर्वतावर जाणाऱ्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, आणि तेथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था अभ्यासवर्ग चालवते. उत्तराखंडातील औली आणि हिमाचलातील मनाली येथेही शिकवणी होते. गुलमर्गजवळचाच आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. त्याआधी १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या होत्या.

तेव्हा मानोरा, कारंजा किंवा वाशिमच्या ज्या मंडळींना आल्प्समधील हिवाळी आठवडा खुणावत असेल, त्यांनी थेट वेंगनचे तिकीट काढण्याऐवजी तुरीची काढणी आटोपल्यावर जानेवारीच्या उत्तरार्धात गुलमर्गचा प्राथमिक वर्ग करावा. तेथे निळ्या उताराइतका आत्मविश्वास आला, तर पुढच्या वर्षी आल्प्समध्ये शिकवणीचे पहिले दिवस वाचतात, आणि थंडी सोसत नाही असे आढळले, तर युरोपचा खर्च वाचतो. नोंदणी मात्र दिवाळीपूर्वीच करावी, कारण गुलमर्गच्या वर्गांतील जागाही मर्यादित असतात.